रिकाम्या घरांचा मामा

काचेचा कारखाना बंद पडला तेव्हा सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या, राहिली ती एका रखवालदाराची. बंद कारखान्याला भट्टीवाले लागत नाहीत, कारकून लागत नाहीत, पण राखायला माणूस लागतोच. काय राखायचं, असं त्याला कोणी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. गेटजवळ एक खोली, खोलीत खाट, एक स्टोव्ह, खिळ्याला टांगलेला खाकी शर्ट, एवढाच त्याचा संसार. लग्न जमता जमता दोनदा राहिलं, पुढे कोणी जमवायच्या भानगडीत पडलं नाही. अशा एकट्या जिवाला सगळी वसाहत मामा म्हणू लागली तेव्हा तो आतून फुलून गेला. आपण कोणाचे मामा झालो आणि कशामुळे झालो, याचा विचार त्याने कधी केला नाही. तो आपल्यालाच करावा लागणार.

कारखान्याच्या मागे कामगारांसाठी बांधलेल्या बैठ्या घरांच्या रांगा होत्या. कारखाना बंद होताच कंपनीने घरं खाली करायला सांगितली. ज्यांना जायला ठिकाण होतं ते गेले. ज्यांना नव्हतं त्यांनी थोडे दिवस हातापाया पडून काढले, आणि मग कंपनीने ऐकायचंच सोडून दिल्यावर ते सगळे शेवटच्या रांगेत येऊन राहिले. कागदोपत्री ती रांग रिकामी होती. प्रत्यक्षात तिथे पोरं शाळेला जात होती, म्हातारी माणसं खोकत होती, भांडणं होत होती, एक बाळही जन्माला आलं होतं.

महिन्यातून एकदा कंपनीचे मॅनेजर गाडीतून पाहणी करायला येत. पाहणी म्हणजे काय, तर काच अर्धी खाली करून रांगांच्या समोरच्या रस्त्याने एक चक्कर. खाली उतरणं त्यांना माहीत नव्हतं. जाता जाता गेटपाशी गाडी थांबे आणि आतून प्रश्न येई.

"सगळं रिकामं ना?"

"रिकामं, साहेब."

पण नुसत्या शब्दावर किती दिवस भागणार? तेव्हा मामाने एक युक्ती काढली. कारखान्याच्या स्टोअरमध्ये जुन्या कुलपांचं एक खोकं पडलं होतं. त्याने घराघरात एकेक कुलूप वाटलं आणि सांगितलं, "पुढच्या दाराला बाहेरून लावा आणि मागच्या दाराने राहा. साहेब मागे येत नाहीत. मागे गटार आहे." झालं. त्या दिवसापासून शेवटची रांग मागच्या दाराने नांदू लागली. पुढच्या खिडक्यांना आतून जुनी वर्तमानपत्रं चिकटवली गेली. कपडे घरातच वाळत. पाहुणा आला तर तोही गटाराच्या कडेकडेने, नाकाला रुमाल लावून येई. गाडीचा हॉर्न वाजला की मामा गेटचा लोखंडी अडसर उचलायचा आणि मुद्दाम दाणकन जमिनीवर टाकायचा. तो आवाज रांगेच्या टोकापर्यंत जाई. शिलाईचं मशीन थांबे, रेडिओ बंद होई, आया पोरांना मांडीत दाबून बसत. गाडी गेली की रांग श्वास सोडी.

मामा काही साधुसंत नव्हता, हे सांगून टाकलेलं बरं. रोज कोणाच्या ना कोणाच्या घरून त्याला ताट यायचं. त्याचे शर्ट शिलाईवाली शिवून द्यायची. आजारी पडला तर उशाशी बसायला चार बायका. ज्याच्या घरी माणूस नव्हतं त्याला माणसं मिळाली होती, आणि तीही अशी की आपल्या एका शब्दावर ज्यांचं छप्पर अवलंबून आहे. हे सुख काय असतं ते ज्याला मिळालं त्यालाच कळतं. संध्याकाळी तो रांगेच्या मागून फेरी मारायचा तेव्हा एखाद्या जमीनदारासारखा चालायचा. शिलाईवाली चेष्टेने म्हणायची, "मामा, आज छाती फार पुढे आलीय. बटण तुटेल हं."

या शिलाईवालीचा नवरा काम शोधायला लांब गेला तो गेलाच. आधी फोन यायचे, मग ते विरळ झाले, मग थांबले. पदरात एक मुलगी, दहा-अकरा वर्षांची, तोंडाने तिखट. तिच्या शेजारी भट्टीकाका. उभा जन्म भट्टीच्या आवाजात गेल्यामुळे त्यांना अजिबात ऐकू येत नसे. बायको त्याच घरात गेली होती, म्हणून ते घर सोडायचं नाव काढलं की ते हसून मान हलवत. काहीही विचारलं तरी ते हसून मानच हलवत. ऐकू येत नाही हे समोरच्याला कळू नये म्हणून त्यांनी लावून घेतलेली ती सवय होती.

मग खानेसुमारी आली. दर काही वर्षांनी येते तशीच, पण या वेळी तिच्या पाठोपाठ एक बातमीही आली. कारखान्याची सगळी जमीन सरकार घेणार होतं, मोठ्या रस्त्यासाठी. गणनेत ज्या घरात माणसं राहताना सापडतील त्या कुटुंबांना गावाबाहेरच्या नव्या इमारतीत घर मिळणार. जी घरं रिकामी लिहिली जातील त्यांची भरपाई थेट कंपनीला. म्हणजे एकेका दारावर काय लिहिलं जातं यावर सगळं येऊन ठेपलं होतं.

बातमी कळली तशी रांग मागच्या नळापाशी जमली. इतकी वर्षं आपण नाही असं दाखवायची सवय. आता एक दिवस तरी आहोत असं दाखवायचं, या कल्पनेनेच लोकांना हसू फुटत होतं. शिलाईवाली म्हणाली, "कुलपं काढायची. पुढच्या पायरीवर बसायचं. पोरांना पण बसवायचं, नीट भांग पाडून."

"आणि मॅनेजर आला तर?" कोणीतरी विचारलं.

"तो कशाला येतोय? मोजायला सरकारी बाई येणार."

"आला तर मी अडसर वाजवीन," मामा म्हणाला. "मग कोणी हलू नका. बाईंना मी दुसऱ्या दिवशी परत घेऊन येईन. ते माझ्यावर सोडा."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मामाने आजवर शब्द मोडला नव्हता. शिलाईवालीची मुलगी तेवढी म्हणाली, "मामा, तुम्ही त्या बाईंना आधीच सांगा ना, की इथे आम्ही राहतो म्हणून." तिला आईने गप्प केलं. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, हा नियम पोरं खरं बोलतात तेव्हाच नेमका आठवतो.

गणनेचा दिवस उजाडला. ऊन कडक होतं. मामाने शर्टाला इस्त्री केली होती. रांगेतली कुलपं अजून निघाली नव्हती, मामाने बाई दिसल्याचं कळवलं की काढायचं ठरलं होतं. एकट्या भट्टीकाकांना धीर नव्हता. ते सकाळीच दार उघडून, स्वच्छ सदरा घालून पुढच्या पायरीवर येऊन बसले होते.

मामा गेटवर उभा होता. रस्त्याने एखादी बाई पिशवी घेऊन चालत येईल म्हणून तो वाट बघत होता. आली ती मॅनेजरची गाडी. हॉर्न वाजला आणि मामाच्या हाताने, त्याला न विचारता, अडसर उचलला आणि दाणकन जमिनीवर टाकला.

गाडीतून मॅनेजर उतरले. होय, उतरले. आणि त्यांच्या मागून उतरली खानेसुमारीची बाई, हातात कागद लावलेली पाटी, गळ्यात ओळखपत्र, उन्हाने लाल झालेली. कंपनीच्या हद्दीत शिरायचं म्हणून तिने कंपनीला कळवलं होतं, आणि कंपनीने मोठ्या मनाने तिला गाडी पाठवली होती. सौजन्यात कंपनी कधी कमी पडली नाही.

पुढच्या रांगा पटपट झाल्या. त्या खरंच रिकाम्या होत्या. बाई दारासमोर उभी राही, कुलूप बघे, विचारी, "कोणी राहतं?" मामा म्हणे, "रिकामं." ती लिही. हे इतक्या वेळा झालं की शेवटच्या रांगेपाशी पोचेपर्यंत तो शब्द त्याच्या जिभेवर बसून गेला होता.

शेवटच्या रांगेचं पहिलं दार. बाईने विचारलं, "कोणी राहतं?"

मॅनेजर शेजारीच उभे होते. ते मामाकडे बघतही नव्हते, रुमालाने मान पुसत होते. मामाच्या मनात आलं, आता सांगितलं तर हे विचारतील, मग इतकी वर्षं मला काय सांगत होतास? नोकरी जाईल. गेटजवळची खोली जाईल. या वयात कुठे जाणार? हे सगळं त्याच्या मनात एका घोटाएवढ्या वेळात येऊन गेलं. आणि दुसऱ्या दिवशी बाईंना परत आणू, असं आपण म्हणालोच आहोत, हेही त्याला सोयीस्करपणे आठवलं.

"रिकामं," तो म्हणाला.

एकदा म्हटल्यावर पुढचं सोपं गेलं. दुसरं दार, रिकामं. तिसरं, रिकामं. शिलाईवालीच्या दारापुढे तो जरा मोठ्याने म्हणाला. का, ते त्याचं त्यालाच ठाऊक. कदाचित आतल्यांनी ऐकावं आणि समजून घ्यावं, मामाचा काहीतरी डाव आहे म्हणून. आत ती मुलीच्या तोंडावर हात ठेवून दारामागे उभी होती. दार उघडायचं म्हटलं तरी तिला आतून उघडता येणार नव्हतं. कुलूप बाहेर होतं.

आणि त्याच्या पुढच्या पायरीवर भट्टीकाका. त्यांनी अडसर ऐकला नव्हता. त्यांनी बाईला पाहून दोन्ही हात जोडले.

बाई थबकली. "हे कोण? आजोबा, तुम्ही इथे राहता का?"

भट्टीकाका हसले आणि त्यांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्या मानेलाच ठाऊक. बाईने पुन्हा मोठ्याने विचारलं. ते पुन्हा हसले. मग ती मामाकडे वळली. "यांना ऐकू येत नाही वाटतं. तुम्ही सांगा."

आता कुलूप नव्हतं. दार सताड उघडं होतं. आत चूल दिसत होती, खुंटीवर छत्री दिसत होती, बायकोचा फोटो दिसत होता. समोर जिवंत माणूस बसला होता, आणि सरकार त्याला विचारत होतं की हा माणूस इथे आहे की नाही. मॅनेजरांनी रुमाल खिशात ठेवला आणि पहिल्यांदाच मामाकडे नीट पाहिलं.

"जुना कामगार आहे," मामा म्हणाला. "येऊन बसतो अधूनमधून. डोकं जरा... राहत नाही इथे."

भट्टीकाका मामाकडे बघून प्रेमाने हसले. मामाच बोलतोय म्हटल्यावर काम झालं, असं त्यांना वाटलं असणार. बाईने लिहिलं. मग शेवटचं विचारावं म्हणून तिने विचारलं, "आणि तुम्ही कुठे राहता?"

"गेटजवळच्या खोलीत."

"कुटुंबात किती माणसं?"

"मी एकटा."

अख्ख्या वसाहतीत वस्तीचं घर म्हणून जी एकच नोंद झाली, ती ही.

गाडी गेली. रांगेने श्वास सोडला. मागच्या दारांनी माणसं बाहेर आली आणि मामाभोवती गोळा झाली. मॅनेजर आला होता, बाई उद्या येणार, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. लोकांनी मानलं. भट्टीकाका आनंदात होते. त्यांनी मामाचा हात धरून स्वतःच्या दाराकडे बोट दाखवलं आणि हवेत लिहिल्यासारखं केलं: माझं घर लिहून घेतलं ना? मामाने मान हलवली. शिलाईवाली लांब उभी राहून बघत होती.

दुसऱ्या दिवशी मामा खरंच गेला, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं. बाई भेटली नाही, ती पुढच्या भागात मोजायला गेली होती. भेटला एक अधिकारी, चष्मा कपाळावर चढवलेला, समोर गठ्ठ्यांची भिंत.

"शेवटच्या रांगेत माणसं राहतात, साहेब. सगळी घरं वस्तीची आहेत."

अधिकाऱ्याने पानं चाळली. "इथे तर रिकामी आहेत. माहिती देणारा, कंपनीचा रखवालदार."

"तो मीच. मी खोटं सांगितलं."

"काल खोटं सांगितलं. मग आज खरं सांगताय ते कशावरून?"

"चला ना, येऊन बघा," मामा म्हणाला.

"आता येऊन काय बघू? जमीन जाणार कळल्यावर कोणीही कुठेही जाऊन बसेल." पण तो माणूस अगदीच दगड नव्हता. त्याने एक कोरा कागद पुढे सरकवला. "असं करा, लेखी द्या. मी जाणूनबुजून खोटी माहिती दिली, म्हणून लिहा आणि सही करा. मग फेरतपासणी लावता येईल."

मामाने पेन घेतलं. पहिली ओळ लिहिली. मग त्याने मान वर करून विचारलं, "यात माझ्या खोलीचं काय होईल?"

"तुमचीही नोंद तपासावी लागेल. कंपनीला कळवावं लागेल. नोकरीचं तुमचं तुम्ही बघा."

पंख्याने गठ्ठ्यांवरचे कागद फडफडत होते. मामाने ती एक ओळ पुन्हा वाचली. मग त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि "विचारून येतो" म्हणाला. कोणाला विचारणार होता? ज्यांना विचारायचं ते मागच्या दारापाशी वाट बघत होते, आणि त्यांचं उत्तर त्याला ठाऊक होतं. तो परत त्या कचेरीत गेला नाही.

"काय झालं?" शिलाईवालीने विचारलं.

"ऐकत नाहीत," मामा म्हणाला.

"काय ऐकत नाहीत? तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं सगळं."

शिलाईवाली म्हणाली, "काल दारामागे मी सगळं ऐकत होते. काकांचं डोकं फिरलंय म्हणालात तेही. मला वाटलं, मामांनी काहीतरी योजलं असेल. पोरगी ओरडणार होती, मीच तिचं तोंड दाबून धरलं. तुमच्यावर विश्वास ठेवून दाबलं." एवढं बोलून ती आत गेली. त्या दिवसापासून तिच्या घरून ताट आलं नाही. पुढे कोणाच्याच घरून आलं नाही. मामाला कोणी शिव्या घातल्या नाहीत, जाब विचारला नाही. त्याने रात्रंदिवस त्याचीच वाट पाहिली, आणि लोकांनी तेवढंही त्याला दिलं नाही.

रिकाम्या घरांवर नोटीस लावायची गरज नसते. त्यामुळे एके सकाळी घरं पाडायचं यंत्र आलं ते थेटच आलं. लोक गयावया करायला धावले, तेव्हा यंत्रावरच्या माणसाने कागद दाखवला. त्याचीही चूक नव्हती. कागदावर तिथे कोणी राहतच नव्हतं, मग ऐकायचं कोणाचं? दोन तास दिले, तेही त्याच्या पदरचे. सामान निघालं ते मागच्या दारांनीच निघालं. पुढची कुलपं काढायचं कोणाला सुचलं नाही. भट्टीकाका फोटो छातीशी धरून उभे होते आणि विचारणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हसून मान हलवत होते. त्यांना लांबच्या पुतण्याकडे पोचवलं. तिथे ते तीन महिन्यांत गेले.

मामाला घर मिळालं. नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेला खिडकी, नळाला चोवीस तास पाणी. चावी देताना एका साहेबांनी त्याच्या पाठीवर थापही मारली. त्या घरात मामा सकाळी उठे, चहा करी, खिडकीत बसे. दार वाजवायला कोणी येत नसे. मामा म्हणून हाक मारणारं त्या इमारतीत कोणी नव्हतं, आणि जे तशी हाक मारायचे ते कुठे कुठे पांगले याचा पत्ता त्याला नव्हता.

पुढे कापडाच्या एका दुकानात चौकशी करता करता त्याला शिलाईवालीचा पत्ता लागला. एका जुन्या घराच्या माडीवर एक खोली, खाली घरमालक. मामा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. काय बोलायचं ते त्याने वाटेत घोकलं होतं. माझ्याकडे जागा आहे, तुम्ही दोघी येऊन राहा, मी बाहेरच्या खोलीत झोपेन. खूप दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या पायात बळ आलं होतं.

दार उघडंच होतं. ती मशीनवर होती. मुलगी जमिनीवर बसून बटणं लावत होती. चांगलीच उंच झाली होती. तिने मामाकडे पाहिलं आणि मान खाली घालून सुई ओवायला घेतली.

"या," शिलाईवाली म्हणाली. "बसा, रखवालदार."

बसावं की नाही हे न कळून तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. तेवढ्यात खालून घरमालकाचा दमदार आवाज आला.

"वर कोण आलंय?"

शिलाईवालीने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"कोणी नाही," ती म्हणाली. अगदी सहज म्हणाली, आवाज न चढवता, डोळे शिवणीवर ठेवून. घरमालकाला माणसं आलेली चालत नाहीत म्हणून म्हणाली, की आणखी कशासाठी म्हणाली, ते मामाला कळेना. विचारायची त्याला फार इच्छा झाली. पण तिने चाक पुन्हा फिरवलं होतं.

जिन्यावर आवाज होऊ नये म्हणून मामाने चपला हातात घेतल्या आणि तो खाली उतरला.